फ्रस्ट्रेटेड चुंबक तिसरा नियम मोडत नाहीत

‘फ्रस्ट्रेटेड चुंबकांची एंट्रॉपी निरपेक्ष शून्यालाही उरते, म्हणजे ते उष्मागतिकीचा तिसरा नियम मोडतात. त्यांच्यात क्रम दिसत नाही तो फ्रस्ट्रेशनमुळेच. आणि विशिष्ट उष्मा तापमानाच्या सरळ प्रमाणात वाढताना दिसला की क्वांटम स्पिन लिक्विड सिद्ध झालं.’ हा दावा सध्या भरपूर फिरतोय. यातलं एकही विधान टिकत नाही. फ्रस्ट्रेटेड चुंबक म्हणजे ज्यांतल्या स्पिनांना, म्हणजे अणूंच्या इवल्या चुंबकांना, सगळ्या शेजाऱ्यांशी एकाच वेळी जुळवून घेता येत नाही असे पदार्थ. एंट्रॉपी म्हणजे त्यांच्या अव्यवस्थेचं माप, विशिष्ट उष्मा म्हणजे तापमान वाढवायला लागणारी उष्णता, आणि क्वांटम स्पिन लिक्विड म्हणजे निरपेक्ष शून्यालाही स्पिन ठरावीक क्रमात गोठत नाहीत अशी अवस्था.

आधी तिसरा नियम: निरपेक्ष शून्याकडे जाताना समतोलातल्या पदार्थाची एंट्रॉपी शून्याकडे जाते. त्रिकोणाच्या तीन टोकांवर तीन स्पिन, प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचंय. दोघांचं जमतं, तिसऱ्याची कोंडी होते. अशा आयझिंग (फक्त वर किंवा खाली तोंड करणाऱ्या) स्पिनांच्या त्रिकोणी जालकात, म्हणजे नियमित जाळीत, शून्य तापमानाला दर स्पिनमागे बोल्ट्झमन स्थिरांकाच्या 0.323 पट एंट्रॉपी उरते, अशी एंट्रॉपी उरते हे वॅनियर यांनी 1950 मध्ये दाखवलं; आकडा त्यांनी पुढे दुरुस्त केला. उच्च तापमानाला ती 0.693 पट असते, म्हणजे जवळपास निम्मी शिल्लक! पण हे गणित फक्त लगतच्या शेजाऱ्यांचं आहे. खऱ्या स्फटिकात दूरचे शेजारी असतात, द्विध्रुवी बल असतं, जालकाचा ताण असतो. एंट्रॉपी उरते ती अनेक मांडण्यांची ऊर्जा बरोबर सारखी असल्यामुळे, आणि यातलं किंचितसं काहीही ती बरोबरी मोडायला पुरतं.

मग प्रयोगात एंट्रॉपी ‘उरलेली’ का दिसते? मोजतात कसं ते पाहा. काही मिलिग्रॅमचा स्फटिक ग्रीसने तबकडीवर चिकटवतात, उष्णतेचा छोटा ठोका देतात आणि तापमान पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो ते बघतात. स्पिन जालकाशी उष्णतेची देवाणघेवाण फार सावकाश करत असतील, तर सुरुवातीच्या झपाट्याच्या उतारात त्यांचा वाटा येतच नाही. विशिष्ट उष्मा कमी भरतो, त्यावरून काढलेली एंट्रॉपी तोकडी पडते, आणि ती तूट ‘शून्याला उरलेली’ म्हणून नोंदली जाते. त्रिमितीय स्पिन आइसमध्ये (ज्यात स्पिनांची मांडणी बर्फातल्या हायड्रोजनसारखी असते), डिस्प्रोशियम टायटॅनेटमध्ये, 2013 साली खूप जास्त वेळ थांबून मोजल्यावर ती प्रसिद्ध उरलेली एंट्रॉपी सापडली नाही. या निकालावर पुढे वाद झाला, पण वादाचा मुद्दा समतोलाचाच होता, नियम मोडल्याचा नव्हे.

दुसरं विधान पटकन निकालात निघतं. मर्मिन आणि वॅग्नर यांनी 1966 मध्ये दाखवलं की द्विमितीय हायझेनबर्ग चुंबकात (ज्यातले स्पिन कुठल्याही दिशेला वळू शकतात) शून्याच्या वर कुठल्याही तापमानाला दूरवरचा क्रम येतच नाही, फ्रस्ट्रेशन असो वा नसो. उलट, स्पिन-अर्ध्याच्या (सगळ्यात लहान क्वांटम स्पिनांच्या) त्रिकोणी हायझेनबर्ग जालकात फ्रस्ट्रेशन असूनही शून्याला क्रम येतो, शेजारचे स्पिन एकमेकांशी 120 अंशांचा कोन करतात.

तिसरं विधान सगळ्यात जास्त दिशाभूल करतं. फ्रस्ट्रेशन नसलेल्या साध्या स्पिन-अर्ध्याच्या साखळीतही विशिष्ट उष्मा कमी तापमानाला रेषीयच असतो. शिवाय विशिष्ट उष्मा जागच्या जागी अडकलेली उत्तेजनंही (स्पिनांच्या हालचाली) मोजतो. उष्णता वाहून नेतात ती फक्त फिरती. यटर्बियम-मॅग्नेशियम-गॅलियम ऑक्साइडमध्ये विशिष्ट उष्मा तापमानाच्या साधारण 0.7 घाताने जातो, पण 2016 च्या औष्णिक वाहकतेच्या मापनात स्पिनांचा वाटा दिसला नाही. तिथे मॅग्नेशियम आणि गॅलियम एकमेकांच्या जागी वाटेल तसे बसलेले असतात, म्हणून संशय त्या गोंधळावर जातो. पॅलेडियमच्या एका सेंद्रिय मिठात 2010 साली मोठी वाहकता नोंदली गेली; 2019 मध्ये दोन गटांना ती सापडली नाही.

मला स्पिन लिक्विड नाकारायचं नाही. हर्बर्टस्मिथाइट या तांबं-जस्ताच्या खनिजात स्पिनांमधली आंतरक्रिया सुमारे 180 केल्विनची आणि 50 मिलिकेल्विनपर्यंत क्रमाचा पत्ता नाही, हे विलक्षणच आहे. पण त्यातही जस्ताच्या काही जागांवर तांबं जाऊन बसतं, आणि नेमक्या त्याच तांब्याचे स्पिन सर्वांत कमी तापमानाच्या विशिष्ट उष्म्यावर हावी होतात.