बॉल पायथनच्या माइट्सबद्दलच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. झालेल्या त्रासाबद्दल मनापासून सॉरी. तुमचा पाळलेला बॉल पायथन साप, लाडू, अकरा दिवस आमच्याकडे बोर्डिंगला, म्हणजे सांभाळायला होता, त्याचा आम्हाला लळा लागला होता. माइट्समुळे, म्हणजे सापाचं रक्त पिणाऱ्या बारीक किड्यांमुळे, तो महिनाभर खाजतोय, अंग घासतोय हे वाचून वाईट वाटलं.

तुम्ही लिहिलंय, "पावणेतीन हजार घेतले आणि सापासोबत किडे फुकट दिले. घरी आणल्यावर तिसऱ्याच दिवशी माइट्स दिसले. तीनदा स्प्रे मारला तरी परत येतात. विचारायला गेलो तर दुकानवाला उद्धट बोलला." दिवसाचे २५० रुपये आणि ११ दिवस, म्हणजे पैसे बरोबर आहेत. उद्धटपणाचं म्हणाल तर त्या रात्री तुमचे मिस्टर पावणेदहाला आले तेव्हा शटर अर्धं खाली होतं. मी उभ्याउभ्या बोललो, आवाज चढला असेल. चुकलंच ते. पण दोन वर्षं तुम्ही मला "दादा" म्हणत होतात, रिव्ह्यूत एकदम "दुकानवाला" झालो, तेही मनाला लागलं.

खरी सलते ती गोष्ट "तिसऱ्याच दिवशी".

लाडूला तुम्ही २० मेच्या संध्याकाळी नेलंत. २३ तारखेला सकाळी मला फोटो पाठवलात, तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. टँकच्या मागच्या कोपऱ्यात, काचेच्या सिलिकॉनच्या सांध्यात काळे ठिपके रांगेने बसलेत, आणि ओंडक्याच्या खाली पिठासारखी पांढरी भुकटी पडलीय. ती भुकटी म्हणजे माइट्सची विष्ठा. इतकी साचायला तीन रात्री पुरत नाहीत. मादी सापाचं रक्त पिते, मग अंगावरून उतरून ओलसर, अंधाऱ्या फटीत अंडी घालते. अंड्यातून निघालेलं पिल्लू आधी काहीच खात नाही, कात टाकल्यावर त्याला साप शोधावा लागतो. तिथून मोठा काळा माइट व्हायला उबदार टँकमध्येही आठवडा ते दोन आठवडे जातात. समजा आमच्याकडून लाडूच्या अंगावर चार-पाच आले. तरी ते टँकभर कधी पसरले? उलट रिकाम्या टँकमध्ये ते उपाशीपोटी दोन आठवडे सहज वाट बघत बसतात. लाडू परत आला, त्यांची पंगत बसली.

तो टँक तुम्ही एप्रिलमध्ये कुणाकडून तरी जुना घेतला होतात, आतल्या ओंडक्यासकट. मीच म्हणालो होतो ताई, लाकूड फेका, हवं तर माझ्याकडून नवीन घेऊ नका पण ते फेका. तुम्ही म्हणालात, "छान दिसतंय."

आता पुढचं मी लिहिणार नव्हतो, पण लिहितो. आमच्या नोंदवहीत ९ मेला लाडूच्या नावापुढे आमच्या पोराच्या अक्षरात एक ओळ आहे: "आठ दिवस पाण्याच्या भांड्यात बसून असतो. मालक म्हणतात उकाडा." तुम्हीच सांगितलेलं. पुण्यात मे महिना, कुणालाही वाटेल उकडत असेल. पण माइट्स झालेला साप असाच पाण्यात बसून राहतो, त्याला तेवढाच आराम मिळतो. काल रात्री ही ओळ बायकोला दाखवली, म्हटलं बघ, आमच्याकडे यायच्या आधीपासून होतं. ती म्हणाली, "मग तुम्हाला तेव्हाच कसं कळलं नाही?"

सुट्ट्यांचे दिवस होते, काउंटरवर गर्दी होती. डोळ्याच्या कडेला आणि हनुवटीखालच्या खाचेत बघायला हवं होतं, ओल्या पांढऱ्या टिश्यूने अंग पुसून बघायला हवं होतं. बघितलं नाही. ही आमची चूक, ती मी नाकारत नाही. माइट्स आम्ही दिले, हे मात्र मान्य नाही.

आणि एक. १० जूनला आमच्याच कॉर्न स्नेकच्या पाण्याच्या भांड्याच्या तळाशी खसखशीपेक्षा बारीक दोन काळे दाणे दिसले. टिश्यूवर चिरडले तर लाल डाग. लाडूचा डबा त्याच्या शेजारीच होता. अख्खा रॅक रिकामा केला, सगळे डबे गरम पाण्याने घासले, दोन आठवडे बोर्डिंग बंद ठेवलं. त्याचं बिल मी कुणाला पाठवलं नाही.

तीनदा स्प्रे मारल्याचं लिहिलंत. ते तीन वार सोमवार, मंगळवार, बुधवार होते, मेसेज आहेत. औषधाने अंडी मरत नाहीत ताई. ती नंतर फुटतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणून डॉक्टर सांगतील तितक्या दिवसांच्या अंतराने, निदान दीड महिना करावं लागतं. आणि नुसता साप नाही, टँक आधी. टँकच्या तळाला अंथरलेली बार्क, म्हणजे झाडाची साल, महागाची होती म्हणून तुम्ही ती उन्हात वाळवून परत घातलीत. ती फेका, खाली साधा टिश्यू पेपर अंथरा, ठिपका पडला तर लगेच दिसतो. सांधे ब्रशने घासा. फिप्रोनिलचा, म्हणजे माइट्स मारायच्या औषधाचा, स्प्रे सापावर थेट मारायचा नाही. सापाच्या डॉक्टरांना विचारून, ते सांगतील तेवढाच फडक्यावर घेऊन अंगावरून फिरवायचा, तोंड-डोळे सोडून. पाण्याचं भांडं तेवढ्यापुरतं बाहेर. टँक फवारला तर पूर्ण वाळून वास गेल्यावरच साप आत. इंजेक्शन द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. तुमच्याकडे कासवही आहे म्हणून सांगतो, माइट्सवर देतात ते आयव्हरमेक्टिन हे औषध कासवाला चालत नाही, जीव जाऊ शकतो. डॉक्टरांना कासवाचं आठवणीने सांगा.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा, कारण सकाळपासून दोन फोन आले आणि सोसायटीचे चेअरमनही येऊन गेले. आम्ही नाग, धामण, कवड्या असले आपल्याकडचे साप ठेवत नाही, घेत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते पाळता येत नाहीत. बॉल पायथन आफ्रिकेतला, बिनविषारी. २०२४च्या नियमांप्रमाणे त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, आणि त्या कागदाची झेरॉक्स घेतल्याशिवाय मी बोर्डिंगला कुणाचाही साप ठेवून घेत नाही. लाडूचीही फाइलला आहे. कृपया एका रिव्ह्यूवरून दुकानाबद्दल भलतंसलतं पसरवू नका, दोन घरं यावर चालतात.

इथून पुढे साप घेताना नीट तपासू, वहीत त्याचा रकाना टाकायचं ठरलंय. गर्दीच्या दिवसांचंही काहीतरी बघतो.

ताई, तारे वाढवा असं म्हणत नाही. लाडूला घेऊन या, टिश्यूने मी स्वतः तपासतो, पैसे नकोत. कापडी पिशवीत आणा आणि पिशवीची गाठ नीट मारा. ओंडका आणू नका. रविवारी दुकान दोनपर्यंतच असतं.