इच्छुकांनो, तेराव्याची वाट पाहू नका

तुमच्या मतदारसंघातली जागा रिकामी झाली म्हणे. मग बसलात काय? कायद्याने सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. विधानसभेची मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर सूट. 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स आजच लावा. दिवंगत आमदार कोपऱ्यात, तुम्ही हात जोडून मधोमध. फ्लेक्सवाल्याला काही सांगावं लागत नाही, त्याला साइज पाठ असते.

तिकिटासाठी कामाचा अहवाल वगैरे छापू नका. आधी आडनाव तपासा. देगलूरला 2021 मध्ये दिवंगत आमदारांचे चिरंजीव निवडून आले, कोल्हापूर उत्तरमध्ये 2022 साली पत्नी. आडनाव जुळत नसेल तर तुम्ही निष्ठावंत, सतरंज्या उचला. अर्थात आडनावाचीही हमी नाही. पंढरपुरात 2021 मध्ये दिवंगत आमदार भारत भालके यांचे चिरंजीव 3,733 मतांनी पडले. मतदार हल्ली असेच वागतात.

सगळ्यात सोपं म्हणजे विरोधकांना महाराष्ट्राची संस्कृती आठवायला लावणं, म्हणजे दिवंगताच्या घरच्यांविरुद्ध उमेदवार न देण्याची. अंधेरी पूर्वमध्ये 2022 साली भाजपला ती नेमकी अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी आठवली. मैदान मोकळं झालं आणि दुसऱ्या क्रमांकावर आला 'नोटा', म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही', 12,806 मतं घेऊन. ना सभा, ना जेवणावळी, ना रुसलेले भाऊबंद. इतका शिस्तीचा उमेदवार कुठल्या पक्षाकडे आहे सांगा!

खर्चाची मर्यादा 40 लाख. चहा, वडापाव, हार यांचे दर निवडणूक कार्यालयच ठरवून देतं, त्यामुळे डोकं चालवायचं ते फक्त नगांमध्ये. पोरांना बजावून ठेवा: बिर्याणी खा, वहीत चहा लिहा.

आणि भाषणात प्रतिस्पर्धी कोण, असं चुकूनही विचारू नका. पुण्यातल्या कसब्यात 2023 साली भाजपच्या चंद्रकांत पाटलांनी 'हू इज धंगेकर?' विचारलं. पुणेकराला शंका विचारली की तो सविस्तर उत्तर देतो. 1995 पासून भाजपकडे असलेली जागा काँग्रेसच्या धंगेकरांनी घेतली.

पडलात तरी फ्लेक्स उतरवू नका. त्या निवडणुकीत हरलेले भाजपचे हेमंत रासने 2024 च्या नोव्हेंबरात त्याच धंगेकरांना हरवून आमदार झाले. पोटनिवडणुकीतल्या आमदारकीला नाहीतरी उरलेली मुदतच मिळते. तेवढ्यात लेटरहेड छापून होतं.