एमजीबी आधी चालवा, मग खोला

एका लेखात म्हटलंय की वर्षानुवर्षं उभी असलेली एमजीबी, म्हणजे ती जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आधी पूर्ण खोलून नवी करावी, मगच रस्त्यावर आणावी. मला हे अजिबात पटलं नाही. अशा खोललेल्या गाड्या गॅरेजच्या कोपऱ्यात डब्याडब्यांत पडून राहतात, बघून जीव तुटतो.

आधी दाराखालच्या पत्र्यावर चुंबक फिरवून बघा. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही; बराचसा भार तोच पत्रा पेलतो. चुंबक चिकटत नसेल तर तिथं पुट्टी भरलीय असं समजा. पत्रा कुजलेला निघाला तर मात्र गाडी हलवू नका.

आपल्या सोलापूरच्या कोरड्या हवेत पत्रा तसा टिकतो, रबर टिकत नाही. पेट्रोलचे पाइप, ब्रेकचे होज, टायर बदलाच. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं जुनं रबर आणखी लवकर जातं. मग ऊन चढायच्या आत होटगी रोडला एक फेरी मारा. क्लच घसरतोय का, इंजिन तापतंय का, सगळं कळतं.

आणि २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी होते, पण चासी, बॉडी, इंजिनात मोठे बदल चालत नाहीत, शिवाय ती रोज वापरता येत नाही. पैसे घालण्याआधी आरटीओत नीट विचारून घ्या.