मानसातली मान की नस? ‘अंग काढून घ्या’वरच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून नुसत्या नमस्काराने सुरुवात करतो. ‘अंग काढून घ्या’ या माझ्या शब्दकोड्यावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. दोन रविवार घालवूनही हाती काही लागलं नाही, की माणूस चिडतोच. तरी तुम्ही बसून एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार.

तुमचे आक्षेप तीन. ‘मानस’मध्ये तुम्हाला मान दिसली, मला नस अभिप्रेत होती, आणि तुमचा प्रश्न असा की ‘लेखकाच्या मनातलं मी का ओळखायचं?’ दुसरं, त्याच चौकटीत ‘दुकान’ होतं, त्यात कान होता, तो का मोजायचा नाही? तिसरा आक्षेप कोड्यावर नाही, मेटा, म्हणजे कोड्यातलं कोडं, या प्रकारावरच आहे: साध्या शब्दकोड्यात आडव्याची खात्री उभा शब्द देतो, इथे बरोबर की चूक हे लेखकाने जाहीर करेपर्यंत कळत नाही, म्हणून हा प्रकार मुळातच अप्रामाणिक.

ज्यांनी ते कोडं पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेटामध्ये चौकट भरून झाली की खरं काम सुरू होतं. भरलेल्या चौकटीतून एक शेवटचं उत्तर काढायचं असतं, आणि ते कसं काढायचं हे कुणी सांगत नाही. हाताशी असतं ते शीर्षक आणि ‘उत्तर काय प्रकारचं आहे’ एवढी एक ओळ. माझं शीर्षक होतं ‘अंग काढून घ्या’ आणि ओळ होती ‘उत्तर: साहित्यातला एक अलंकार’. तीन सूचनांमध्ये ‘अंग’ हा शब्द पेरला होता. त्यांची उत्तरं उपाय, पहाड आणि मानस. उपायातून पाय काढला की उ उरतो, पहाडातून हाड काढलं की प, मानसातून नस काढली की मा. उपमा.

आता पहिला आक्षेप. तुमचं बरोबर आहे, चूक माझी आहे. ‘मानस’च्या तीन अक्षरांत मा-न आणि न-स अशी दोन्ही जोडपी बसतात. मान काढली की स उरतो आणि उत्तर येतं ‘उपस’. असा अलंकार नाही, तेव्हा परत फिरून दुसरं जोडपं बघावं, असं कुणी माझ्या बाजूने म्हणू शकेल. पण तो बचाव लंगडा आहे. अंग म्हटल्यावर मान आधी डोळ्यांपुढे येते, नस नंतर. नसेला अंग म्हणावं का इथपासूनच वाद घालता येईल, आणि हाडाचीही तीच गत. म्हणजे जो वाचक शब्दाला जास्त प्रामाणिक राहिला, तोच माझ्या कोड्यात फसला. हे व्हायला नको होतं.

का झालं तेही सांगतो. मी उत्तराच्या प्रेमात पडलो होतो. अंगावर घालायचा तो अलंकार आणि साहित्यातला तोही अलंकार, हा सांधा सुचला त्या रात्री मला झोप लागली नाही. मग उ मिळाला, प मिळाला, आणि मा काही केल्या मिळेना. कान, नाक, गाल, पाठ, पोट, बोट, सगळी अंगं ‘मा’ला लावून पाहिली. बसली ती फक्त नस. त्याच वेळी उपमेवर पाणी सोडून दुसरं उत्तर धरायला हवं होतं. मी मानस ठेवला, आणि त्यातली मान मला दिसत असूनही ‘अलंकाराच्या ओळीने ती निस्तरेल’ अशी स्वतःची समजूत घातली.

एका शब्दाची दोन उत्तरं निघणं हा मात्र आपोआप दोष नसतो. ५ नोव्हेंबर १९९६, अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीचा दिवस. त्या दिवशीच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये जेरेमाया फॅरेल यांनी रचलेलं शब्दकोडं होतं. मधल्या आडव्या ओळीत उद्याची मुख्य बातमी भरायची होती, म्हणजे निवडून कोण आलं ते, आणि मतमोजणी तर व्हायचीच होती. त्या सात घरांत ‘क्लिंटन’ बसत होतं आणि ‘बॉब डोल’ही बसत होतं, कारण इंग्रजीत दोन्ही नावं सात-सात अक्षरांची. त्यांना छेदणारे सातही उभे शब्द दोन्ही प्रकारे जमत होते. हॅलोविनचा काळा प्राणी म्हणजे ‘कॅट’ की ‘बॅट’? मांजरही चालतं, वटवाघूळही चालतं. पहिलं अक्षर बदललं की अध्यक्ष बदलतो. तिथे दुहेरीपणा हाच कोड्याचा कणा होता आणि सातही ठिकाणी तो सारख्याच काटेकोरपणे सांभाळलेला होता. माझ्या मानसात तो नकळत राहिलेली फट होता.

शब्द कुठे तोडायचा यावर कोडं उभं करणं आपल्याला नवीन नाही. संस्कृतात अंतर्लापिका म्हणून प्रकार आहे, त्यात प्रश्नाच्या पोटातच उत्तर असतं. ‘कं बलवन्तं न बाधते शीतम्’ हे पुष्कळांना पाठ असेल. कोणत्या बलवानाला थंडी बाधत नाही? दोन शब्द जोडून वाचा: कंबलवन्तं. कांबळं पांघरलेल्याला. एक अक्षर वाढवलं नाही, एक गाळलं नाही, फक्त तोड हलवली. शिवाय उत्तर कळल्यावर शंकेला जागाच उरत नाही. मला गाठायची आहे ती ही पातळी, आणि मानस तिथून बराच खाली राहिला.

दुकानाबद्दल मी अर्धाच तुमच्याशी सहमत आहे. दुकानाच्या सूचनेत ‘अंग’ नव्हतं, म्हणून ते मोजायचं नव्हतं. खूण दिलेली होती. पण मुद्दा तेवढ्याने संपत नाही. चांगला मेटा रचणारा बाकीची चौकट झाडून घेतो. अंगं लपवायची असतील तर ठरलेल्या शब्दांखेरीज कुठेही अंग दिसू नये. नाहीतर सोडवणाऱ्याला तो पुरावा वाटतो, आणि त्याचा काही दोष नसताना तो भलत्या वाटेला लागतो. दुकान काढून तिथे दुसरा शब्द बसवायला मला फार तर अर्धा तास लागला असता.

तिसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही, आणि त्यावर जरा सविस्तर बोलायचं आहे.

मेटात पडताळणी नसते असं तुम्ही म्हणता. असते, फक्त ती घराघरात नसून अखेरीला एकदम येते. माझा एक जुना मित्र कोडी रचून मला पाठवतो. मागे एकदा त्याने एक कोडं दिलं. चौकट मी वीस मिनिटांत भरली आणि पुढचे चार दिवस तिच्याकडे बघत बसलो. लांब शब्दांखाली रेघा मारल्या. ळ किती वेळा आलाय ते मोजलं. काळी घरं जोडून काही आकृती होते का ते पाहिलं. अनुस्वार असलेली घरं पिवळी रंगवली. तिसऱ्या दिवशी मला एक नमुना सापडलासुद्धा: पाच लांब शब्दांपैकी तिघांत एकेका प्राण्याचं नाव. उरलेल्या दोघांत प्राणी बसवण्यासाठी मी कोशातून असे शब्द उपसून काढले, जे कुणी बोलत नाही. शेवटी मित्राला फोन केला आणि म्हटलं, उत्तर सांगू नकोस, वाट बरोबर आहे का तेवढं सांग. तो म्हणाला, ‘शब्द पुरे झाले, आता सूचना वाच.’

सूचना मी दहा वेळा वाचल्या होत्या, उत्तर शोधण्यापुरत्या. त्या संध्याकाळी त्या नुसत्या बघितल्या. पहिली ‘उगवतीची दिशा’, दुसरी ‘भेकड नव्हे तो’, तिसरी ‘वाळवंटातलं जहाज’, चौथी ‘चाकाचा मधला दांडा’. पूर्व, शूर, उंट, आस हे कधीचं भरून झालं होतं. आणि चार ओळींची पहिली अक्षरं, एकाखाली एक: उ, भे, वा, चा.

उभे वाचा! ट्यूब पेटते म्हणजे काय होतं ते त्या क्षणी अंगभर कळलं. पुढच्या सूचनांची पहिली अक्षरं तशीच खाली वाचत गेलो आणि उत्तर सरळ समोर आलं. ते बरोबर आहे का, हे मित्राला विचारायची गरजच पडली नाही. त्या आधीच्या तीन प्राण्यांबद्दल मात्र मला चोवीस तास शंका होती, आणि ती शंका हीच खूण होती. मेटा सोडवणारे बहुतेक जण हे ठेचा खाऊनच शिकतात: वाट बरोबर असली की सगळं सामान वापरलं जातं, मागे काही उरत नाही. पाचातले तीनच जमत असतील आणि बाकीचे दोन दाबून बसवावे लागत असतील, तर वाट सोडायची, ती कितीही आवडलेली असली तरी. मला सोडवत नव्हती. एकदा सापडलेली कल्पना टाकणं यासारखं अवघड काम या छंदात दुसरं नाही.

दुसऱ्याला किती सांगायचं, हीसुद्धा यातली एक कला आहे. त्या मित्राने ‘पहिली अक्षरं बघ’ म्हटलं असतं तर माझी ती संध्याकाळ गेली असती. काहीच सांगितलं नसतं तर मी कदाचित कोडं फेकून दिलं असतं. तुम्ही दोन रविवार एकट्याने घालवलेत. तुम्ही एका ओळीत विचारलं असतंत तर मी ‘शीर्षक अक्षरशः घ्या’ एवढं नक्की कळवलं असतं. यापुढे विचाराच.

मेटामध्ये वाचकाला वाऱ्यावर सोडलेलं असतं, हेही मला पटत नाही. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ २०१५ पासून दर आठवड्याला असं एक कोडं देतं. उत्तर काय प्रकारचं आहे ते आधी सांगतात, पाठवायला रविवारपर्यंत वेळ देतात, आणि अचूक उत्तरांमधून एकाला बक्षीस म्हणून एक मग मिळतो. एका मगासाठी लोक अख्खा शनिवार-रविवार डोकं लावतात! अमेरिकेतले कोडी रचणारे मॅट गॅफनी २००८ पासून दर आठवड्याला मेटा देत आले आहेत. त्यांची महिन्याची पहिली कोडी सोपी असतात आणि महिनाअखेरीची भल्याभल्यांना घाम फोडतात, म्हणजे आज आपण कुठल्या पायरीवर आहोत हे सोडवणाऱ्याला ठाऊक असतं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात १९८१ पासून भरणाऱ्या मिस्टरी हंट या कोड्यांच्या स्पर्धेत तर अनेक कोड्यांची उत्तरं एकत्र आणून मेटा सोडवावा लागतो, आणि जिंकणाऱ्या गटावर पुढच्या खेपेची कोडी रचण्याची जबाबदारी येते. ही प्रथा मला फार आवडते. आज जो अडकला होता, तोच उद्या दुसऱ्यासाठी कोडं रचतो, आणि कुठे दुखतं हे त्याला माहीत असतं.

मराठीत हे रचणं वेगळ्या प्रकारे अवघड आहे. आपल्या चौकटीत एका घरात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं. इंग्रजीत एकेक सुटं अक्षर कुठेही दडवता येतं. आपल्याकडे ‘उपायुक्त’ कानाला पाय ऐकवतो, पण घरात यु असतो, य नसतो, म्हणून पाय मिळत नाही. ‘महात्मा’मधला हात असाच त्मा खाऊन टाकतो. त्यामुळे लपवायला शब्द थोडेच मिळतात. पण मिळतात तेव्हा ते अगदी चपखल बसतात, आणि ‘अंग काढून घेणे’सारखा वाक्प्रचार हाताशी असला की शीर्षकही आपल्याच भाषेतून येतं. म्हणून तर मी हे मराठीत करत राहतो.

बोलून मोकळं होण्यापेक्षा दुरुस्ती करावी म्हणून मी उपमा सोडून दिली आणि कोडं नव्याने रचलं. शीर्षक तेच, ‘अंग काढून घ्या’. एक शब्दही जुनाच आहे, फक्त सूचना बदलली आहे. दुकान गेलं. पूर्ण चौकट नंतर देईन, पण ज्या तीन सूचनांवर उत्तर उभं आहे त्या आधी तुम्हाला देतो. प्रत्येक शब्द तीन अक्षरी:

अंगवळणी पडलेल्या चुकीवरसुद्धा सापडतो तो इलाज.

अंगणाच्या दारावरची अर्धगोल बांधणी.

अंगावरचा रुणझुणणारा दागिना.

उत्तर: कोडं घेऊन बसलेल्याला जी हवी असते ती, तीन अक्षरांत.

या वेळी प्रत्येक शब्द मी दोन्ही बाजूंनी तोडून पाहिला आहे. मला प्रत्येकात एकच अंग सापडतं, आणि ते अंग आहे की नाही यावर वाद होणार नाही असं वाटतं. तुम्हाला दुसरं एखादं सापडलं तर चौकट देण्याआधी मला नक्की लिहा.