‘वयाने होतंच’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया परखड आहे, म्हणून उत्तरही जरा लांबलंय. तुमचं म्हणणं असं: साठीनंतर विसरायला होतंच, ‘आपली स्मरणशक्ती कमी झालीय असं ज्यांना वाटतं त्यांना डिमेन्शियाचा (रोजचे व्यवहार अडावेत इतक्या स्मृतिभ्रंशाचा) धोका दुप्पट’ असं लिहून मी वयस्कर माणसांच्या जिवाला घोर लावते, आणि ज्यावर औषध नाही ते आधी कळून करायचंय काय? तुमच्या ७४ वर्षांच्या आईंना हल्ली नावं आठवत नाहीत आणि माझा लेख वाचल्यापासून त्यांना झोप नाही, हेही तुम्ही लिहिलंय.

आधी ‘दुप्पट’चा हिशेब करू. २०१४ साली बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. विसरण्याची तक्रार असलेल्या १०० जणांपैकी वर्षाला साधारण २ जणांना डिमेन्शिया झाला, तक्रार नसलेल्यांत १०० मागे १. दुप्पट खरंच, पण बाकीच्या ९८ जणांना त्या वर्षात तो झाला नाही. आईंना एवढं वाचून दाखवा, निदान आज झोप लागेल.

‘वयाने होतंच’ हे मात्र मला अर्धंच पटतं. नाव ओठांवर येऊन अडलं आणि तासाभराने आपोआप आठवलं, तर ते वयाचं. पण २०१४ सालीच या विषयावरच्या तज्ज्ञगटाने कोणत्या तक्रारीकडे जास्त लक्ष द्यावं तेही मांडलं: साठीनंतर सुरू झालेली, गेल्या ५ वर्षांतली, समवयस्कांपेक्षा आपलं जास्त बिघडलंय असं वाटणारी, काळजी लावणारी आणि घरच्यांच्याही ध्यानात आलेली.

यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. डॉक्टर विचारतात, “काल दुपारी काय केलंत?” आणि पेशंट उत्तर द्यायच्या आधी मान वळवून बायकोकडे बघतो. ती सांगते, तो “हो हो, तेच” म्हणतो. स्मृतीच्या तपासणीत डॉक्टर या मान वळवण्याची दखल घेतात. आजार बळावला की बऱ्याच जणांना आपण विसरतोय हेच उमगत नाही. त्यामुळे आई स्वतःहून सांगतायत, तेव्हा त्यांना हसण्यावारी नेऊ नका.

औषधाचा मुद्दा. डिमेन्शियाचं सगळ्यात नेहमीचं कारण असलेल्या अल्झायमर या आजारावर अलीकडे मंजूर झालेली लेकॅनेमॅबसारखी औषधं आजाराची अगदी सुरुवात असताना घसरण थोडी मंदावतात, थांबवत नाहीत. नुसती तक्रार असलेल्यांसाठी ती नाहीतच. इथवर तुमचं बरोबर. पण विसरण्याचं प्रत्येक कारण डिमेन्शिया असतं असं कोण म्हणालं? बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, घोरताना श्वास अडकून मोडणारी झोप, यांनीही डोकं चालेनासं होतं आणि यांवर उपाय आहेत. ॲलर्जीच्या, झोपेच्या, लघवी आवरण्याच्या काही गोळ्याही स्मरणशक्तीवर परिणाम करतात. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ खाली जाऊ शकतं. आणि ऐकू कमी येत असेल, तर नाव मुळात कानावरच नीट पडलेलं नसतं, आठवणार कुठून! बरं, कमी ऐकू येणं हा डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या घटकांतही मोडतो, रक्तदाबासारखाच.

तेव्हा आईंच्या सगळ्या गोळ्या, दुकानातून आपल्याआपण आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. काय विसरलं, कधीपासून, हे दोन ओळींत लिहून न्या. सोबत तुम्ही जा, पण प्रश्नांची उत्तरं त्यांनाच देऊ द्या. आणि त्यांचं बी-१२ शेवटचं कधी तपासलं होतं, ते मला इथे जरूर कळवा.