ह्यूज कितव्या भागात जातो?

शनिवारी संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर अमेय टेकायच्या आतच म्हणाला, "बारा भागांत जे सांगता येत नाही, ते सांगण्याजोगंच नसतं." निखिलचा चहा हातातच राहिला. वाद होता, अॅनिमे म्हणजे जपानी कार्टून मालिका किती भागांची असावी हा. निखिल वन पीस या लांबलचक अॅनिमेचा चाहता, तिचे एक हजाराच्या वर भाग मनापासून पाहिलेला माणूस.

अमेयकडे पुरावा होता. मदोका मॅजिका ही मालिका, २०११, फक्त बारा भाग. तिसऱ्या भागात मामी नावाची मुलगी मरते आणि ही जादूगार मुलींची गोड गोष्ट आहे हा आपला समज तिथेच मोडतो. दहाव्या भागात होमुरा या दुसऱ्या मुलीचं सगळं उलगडतं आणि तिच्या आधीच्या प्रत्येक थंड वाक्याचा अर्थ बदलतो. "एका भागात अख्खी मुलगी उभी केली. तुझ्याकडे एकेकाच्या पूर्वकथेला किती भाग लागतात, सांग?"

"लागू देत की," निखिल म्हणाला. "वन पीसमधल्या रोबिनची गोष्ट पाहून तूच रडला होतास." पण पुढे त्याने स्वतःच मान्य केलं की दर आठवड्याला भाग दाखवायचा आणि मांगाच्या, म्हणजे मूळ जपानी कॉमिकच्या, पुढे जायचं नाही, म्हटल्यावर पाणी घालावंच लागतं. एक ठोसा, मग भोवतालच्या वीस जणांचे वासलेले चेहरे, मग पुन्हा तोच ठोसा. म्हणूनच वन पीस बनवणाऱ्या तोएई स्टुडिओने २०२६ पासून वर्षाला जास्तीत जास्त २६ भाग करायचं ठरवलं, याचा त्याला आनंद होता. पहिल्या नारुतो मालिकेत तर २२० भागांपैकी १३६ च्या पुढे जवळजवळ शेवटपर्यंत फिलरच आहे, म्हणजे मांगात नसलेली भर.

मला अमेयचं पटत नव्हतं. मदोका मुळात बारा भागांसाठीच लिहिलेली होती, अंगाचं माप घेऊन शिवलेला कपडा. आधीची मांगा कापून बारात बसवायची नव्हती. मांगावरून केलेली प्रॉमिस्ड नेव्हरलँड ही मालिका घ्या. पहिल्या सीझनने बारा भागांत ३७ प्रकरणं घेतली, भागाला तीन, आणि तो सीझन श्वास रोखून पाहिला आम्ही. मांगा आहे १८१ प्रकरणांची. दुसऱ्या सीझनने अकरा भागांत सगळं गुंडाळलं. मांगातला गोल्डी पाँडचा अख्खा टप्पा उडवला, आणि शेवटी तर नुसती स्थिरचित्रं एकामागून एक सरकवली. एमा, रे, नॉर्मन, ज्यांच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ती मुलं शेवटी ओळखीचीच वाटेनात. दोन सीझनमध्ये फरक फक्त एका भागाचा आहे. मग आकड्याला काय धरून बसायचं? त्या आकड्यात किती कोंबलंय ते बघायला हवं.

"मग फुलमेटलचं बोल," ऋतुजा म्हणाली. फुलमेटल अल्केमिस्ट या मांगावर दोन मालिका झाल्या, २००३ ची आणि २००९ ची 'ब्रदरहूड'. ती ब्रदरहूडवाली, आणि मी २००३ वाला. हे भांडण आमच्यात जुनं आहे.

खरं तर यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. हिरोमू अराकावाची एकच मांगा आणि बोन्स हा एकच स्टुडिओ. २००३ मध्ये ५१ भाग, २००९ मध्ये ६४. पहिल्या वेळी मांगा सुरू होऊन दोनच वर्षं झालेली, तीही मासिकातून येणारी. हाताशी गोष्ट थोडी, म्हणून लेखकांनी ती आतून रुंद केली आणि पुढे शेवटही स्वतःचा लिहिला. मेस ह्यूज या लष्करी अधिकाऱ्याच्या पात्राला त्याचा फायदा झाला. सहाव्या भागात नायक एडवर्डच्या (एडच्या) वाढदिवसाला तो त्याला आणि त्याच्या भावाला घरी जेवायला नेतो आणि त्याच रात्री त्याची बायको बाळंत होते. ह्यूजची मुलगी एलिसिया जन्मते तेव्हा एड तिथे असतो. ह्यूज टेलिफोन बूथमध्ये मरतो तो पंचविसाव्या भागात. अंत्यविधीला ती पोर विचारते, बाबांना मातीत का पुरताय, त्यांना खूप काम आहे ना. तेव्हा ती आपण जन्मापासून पाहिलेली असते. मला तो भाग आजही सलग पाहवत नाही.

ब्रदरहूडमध्ये तोच मृत्यू दहाव्या भागात येतो. योसवेलच्या खाणीची गोष्ट तर वगळूनच टाकलेली, आणि त्या गोष्टीतला योकी पुढे भेटतो तेव्हा ती मूकपटासारखी झरझर दाखवून मोकळे होतात.

"मान्य," ऋतुजा म्हणाली. "पण चोपन्नावा भाग विसरतोस तू." मी गप्प झालो. ब्रदरहूडच्या चोपन्नाव्या भागात ह्यूजचा जिवलग मित्र मस्टँग याच्यासमोर ह्यूजचा मारेकरी असतो. मस्टँग त्याला जाळत सुटतो, आणि मस्टँगची सहकारी हॉकआय मस्टँगच्याच पाठीवर पिस्तूल रोखते. एड अडवतो, आणि स्कार अडवतो. स्कार! ज्याने स्वतः सूडापायी माणसं मारली तो. ह्यूज जाऊन ४४ भाग झालेले असतात. एवढ्या वेळात मित्राचं दुःख माणसाला कुठवर नेतं ते दिसतं, आणि स्कार त्या खोलीत उभा राहण्याइतका बदललेला असतो. २००३ च्या ५१ भागांत हे नाही.

घरी जाताना मी त्यावरच विचार करत होतो. एकात मरणाआधीचा वेळ मिळाला, दुसऱ्यात मरणानंतरचा. माझं मत बदललं नाही, ह्यूज मला २००३ चाच जवळचा. पण मस्टँग मात्र ऋतुजाचा खरा, हे तिला रात्री मेसेज करून कळवलं. तिचं उत्तर आलं, "सहावा भाग लावलाय. एलिसिया आत्ताच जन्मली."