बसमधली झडती आणि आपला कॅमेरा

गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या सिटीलिंक या शहर बससेवेच्या बसमध्ये टिपलेला एक फोटो मी छायाचित्रकारांच्या एका फेसबुक गटात टाकला आणि चार तासांनी हटवला. तो का हटवला, हे तेव्हा लिहिले नव्हते. बसमध्ये किंवा रेल्वेत पोलीस कुणाची झडती घेत असताना आपण फोटो काढावा का, या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून आज सविस्तर लिहितो आहे.

बस सातपूरहून निमाणीकडे येत होती. त्र्यंबक नाक्याच्या अलीकडे दोन पोलीस चढले आणि दारापाशी उभ्या असलेल्या, कंपनीचा निळा शर्ट घातलेल्या एका तरुणाला त्यांनी बॅग उघडायला सांगितली. "साहेब, शिफ्ट सुटली, घरी चाललोय," एवढेच तो म्हणाला. बॅगेतून आधी रेनकोट निघाला, मग स्टीलचा डबा. हवालदारांनी डबाही उघडला. आत अर्धी चपाती होती आणि तळाशी लोणच्याचे तेल. त्यांनी झाकण पुन्हा नीट दाबून बसवले, डबा त्याच्या हातात दिला आणि दोघेही पुढच्या थांब्यावर उतरले. माझ्या फोटोत खिडकीतला पावसाळी उजेड नेमका त्या तरुणाच्या चेहऱ्यावर पडला होता, आणि तो पोलिसांकडे नव्हे, तर मोबाईल उंचावून उभ्या असलेल्या आम्हा प्रवाशांकडे पाहत होता.

गटात उजेडाचे कौतुक झाले. मग कुणीतरी विचारले, "काय चोरलं याने?" थोड्या वेळाने दुसऱ्याने लिहिले, "हा तर आमच्या गल्लीतला पोरगा." मी फोटो हटवला तोवर तो व्हॉट्सॲपवरून त्याच्या कामाच्या ठिकाणी पोहोचला होता आणि त्याला सुपरवायझरसमोर खुलासा द्यावा लागला. झडतीत काहीही सापडले नव्हते, पण न सापडणे फोटोत दिसत नाही. दिसतो तो खाकी गणवेश आणि त्याच्यासमोर उघडी बॅग धरून उभा असलेला माणूस. फोटो कृष्णधवल केला की हा संशय आणखी गडद होतो, आणि मी तो कृष्णधवल केला होता.

यावर काही मित्रांनी सल्ला दिला की पोलिसांचे फोटो काढूच नयेत. हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. १ जानेवारी २००९ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात, फ्रूटव्हेल स्थानकाच्या फलाटावर, ऑस्कर ग्रँट या २२ वर्षांच्या निःशस्त्र तरुणाला रेल्वेच्या पोलिसाने गोळी घातली. समोर उभ्या असलेल्या गाडीतल्या प्रवाशांनी आपापल्या मोबाईलवर आणि कॅमेऱ्यांवर ते चित्रित केले होते. पुढच्या वर्षी तो पोलीस सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरला, त्यात या चित्रणाचा वाटा मोठा होता. आपल्याकडेही मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे की १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यातील 'प्रतिबंधित ठिकाण' या व्याख्येत पोलीस ठाणे येत नाही, त्यामुळे तेथे केलेले चित्रण या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही. जे ठाण्यालाही लागू नाही, ते शहर बसला कुठून लागू होणार? अटक आणि चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि पद स्पष्ट दिसेल अशी पट्टी असली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ सालीच सांगितले आहे. आपण कोण आहोत हे लोकांना दिसावे, ही कर्तव्यावरील पोलिसाकडून कायद्याचीच अपेक्षा आहे. त्याच्या कामात शारीरिक अडथळा आणणे हा गुन्हा आहे, पण दोन हात अंतरावर उभे राहून फोटो काढणे म्हणजे अडथळा नव्हे.

परंतु ज्याची झडती चालली आहे, त्याच्याकडून अशी कोणतीही अपेक्षा कायदा करत नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले, आणि बसचे तिकीट काढल्याने तो हक्क संपत नाही. रविवार कारंजासारख्या गजबजलेल्या चौकात कुणाला कॅमेरा नको असेल, तर तो पाठ फिरवून गर्दीत मिसळू शकतो. चालत्या बसमध्ये ती सोय नसते. पोलिसांनी थांबवलेल्या माणसाला तर चेहरा फिरवायचीही चोरी, कारण तोही संशयच ठरतो. वॉकर एव्हान्स या अमेरिकी छायाचित्रकाराने १९३८ ते १९४१ या काळात कोटाच्या बटणांमधून भिंग बाहेर काढून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतील प्रवाशांचे चेहरे नकळत टिपले, पण ते पुस्तकरूपाने आले १९६६ साली. आपण पुढचा थांबा येण्याआधीच फोटो टाकून मोकळे होतो.

त्या प्रसंगानंतर मी काही गोष्टी बदलल्या आहेत. पोलिसाचे हात, नावाची पट्टी आणि प्रवाशाची वस्तू चौकटीत येऊ देतो, प्रवाशाचा चेहरा येऊ देत नाही. मूल असेल तर मोबाईल खिशातच राहतो. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या बालकाची ओळख उघड करणे हा बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी तेच केले असते. मारहाण होत असेल, तर मात्र मागे हटायचे नाही. चित्रण सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायचे, त्यात काटछाट करायची नाही, आणि मूळ फाईल आधी त्या माणसाकडे किंवा त्याच्या वकिलाकडे पोहोचवायची. ती जाहीर करायची की नाही, हे त्याने ठरवायचे.

त्या तरुणाकडे मी त्याच्या शेजाऱ्यामार्फत माफी मागितली. "डब्याचा फोटो ठेवा, तोंडाचा नको," असा निरोप आला. मूळ फोटो मी कायमचा हटवला. आता माझ्याकडे फक्त झाकण दाबून बसवणाऱ्या हवालदारांच्या हातांचा फोटो आहे, आणि त्या दुपारी जे घडले ते त्यात पहिल्या फोटोपेक्षा अधिक खरे दिसते.

२०२७ च्या सिंहस्थात निमाणी, महामार्ग स्थानक आणि नाशिकरोडच्या फलाटांवर बॅगा तपासल्या जातील, आणि आपल्यासारखे शेकडो छायाचित्रकार तेथे असतील. नाशिकमधील छायाचित्रण गट चालवणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे की झडतीच्या फोटोत प्रवाशाचा चेहरा ओळखू येत असेल, तर त्याच्या संमतीविना तो फोटो गटात मंजूर करू नये, आणि हा नियम सिंहस्थाची वाट न पाहता याच महिन्यात लागू करावा.